घरात इंटरनेट आहे, पण कुणाच्या हातात?

चवथीला आमच्या फोंड्याच्या मूळ घरी सगळे जमले, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली की काकी आपला फोन पुतण्यापुढे धरते. "बाबू, तेवढं विजेचं बिल भरून टाक रे." तो सात-आठ वेळा बोट फिरवतो आणि 'झालं' म्हणतो. काकीचा पिनसुद्धा त्याला पाठ. उद्या कुणी पाहणीला आलं, तर काकीच्या घरापुढे 'स्मार्टफोन आहे, यूपीआय आहे' अशी नोंद होईल.

ही नोंद मला फार अपुरी वाटते. 2011च्या जनगणनेत देशातल्या 3.1 टक्के घरांत इंटरनेट जोडलेला संगणक आढळला. आकडा मोलाचाच आहे, पण घर बटण दाबत नाही, घरातलं माणूस दाबतं. ते कोण?

याचा शोध अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात 1995पासून घेतला गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट, सारा कीसलर आणि सहकाऱ्यांनी 93 कुटुंबांना संगणक, फोनची लाइन आणि इंटरनेट दिलं. बदल्यात कोण किती वापरतं याची नोंद संगणकच ठेवणार होता. मदतीसाठी फोन करायची सोयही होती. हे फोन सर्वांत जास्त कुणी केले असतील? अडाणी माणसांनी, असं आपण पटकन म्हणू. निघालं उलटंच. ज्यांना जास्त कळत होतं, तेच जास्त मदत मागत होते, आणि त्यांत पुष्कळदा घरातली किशोरवयीन मुलं होती. संशोधकांनी अशा माणसाला 'कुटुंबाचा गुरू' म्हटलं.

मला या निष्कर्षाचं फार अप्रूप आहे, कारण अडचण ओळखायलाही ज्ञान लागतं. पावसात माडाचं चुडत पडून रस्त्यावरची फायबरची तार तुटते. फोनवरचं वायफायचं चिन्ह मात्र तसंच राहू शकतं, कारण ते फोन आणि राउटर यांच्यातलाच दुवा दाखवतं. काकी म्हणते, "चालत नाही." पुतण्या म्हणतो, "वायफाय आहे, पुढे नेट नाही." मदत मागितली तर नेमकं उत्तर पुतण्यालाच मिळतं आणि त्याच्या ज्ञानात भर पडते. पुढची अडचण साहजिकच त्याच्याकडे येते, पुन्हा भर. सुरुवातीचं बोटभर अंतर असं वर्षभरात हातभर होतं. अभियांत्रिकीत याला धन प्रतिभरण म्हणतात : फळ परत कारणाला जाऊन मिळतं आणि कारण वाढतं.

म्हणूनच 'आजची मुलं हे आईच्या पोटातूनच शिकून येतात' हे कौतुक मला मुळीच पटत नाही. ती शिकतात बिघडवून, विचारून, पुन्हा करून. काकीला ती संधीच कुणी देत नाही.

गेल्या चवथीला मी पुतण्याला हात मागे बांधायला लावले. "काकी, तूच भर." बिल भरायला वीसेक मिनिटं लागली. पिन का लागतो, हे तिने तीनदा विचारलं. पैसे जाताना पिन लागतो, येताना लागत नाही, एवढं तिने पक्कं धरून ठेवलं. दिवाळीच्या सुमारास तिला एक फोन आला : तुम्हाला परतावा मिळणार आहे, पिन टाका.

"पैसे येतायत ना? मग पिन कशाला?" असं म्हणून काकीने फोन ठेवला.