छाती वाढली म्हणजे पाळी जवळ आली?
दीड वर्षाच्या मुलीला अंघोळ घालताना स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते आणि घरात बोललं जातं, 'हिला पाळी लवकर येणार.' असं नसतं. २ वर्षांच्या आत नुसती छाती वाढणं बहुधा निरुपद्रवी असतं आणि हळूहळू आपोआप ओसरतं. गाठ दाबू नका, पोरीला दुखू शकतं.

त्यानंतर, पण ८ वर्षांच्या आधी छाती दिसू लागली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. सोबत उंची झपाट्याने वाढली, जांघेत केस आले किंवा रक्तस्राव झाला तर लगेच. वाढलेलं वजन, थायरॉईडची कमतरता, घरातल्या मोठ्यांच्या इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) असलेल्या क्रीमचा स्पर्श, क्वचित मेंदूतली वा अंडाशयातली गाठ यामागे असू शकते. बऱ्याच मुलींत मात्र कारण सापडतच नाही. मुलीला दोष देऊ नका.