लाकडी पंख आणि कंपोझिट पंख : रेडिओ-नियंत्रित विमानांमागचा इतिहास

बेळगावला विमानांची ओळख जुनी आहे. सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत बांधला गेला आणि पुढे तेथे हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्रही आले. आज सीमाभागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी रेडिओ-नियंत्रित विमान करायला घेतात, तेव्हा पहिला वाद पंखावरून होतो: लाकडाचा करायचा की कंपोझिटचा, म्हणजे काच-तंतू किंवा कार्बन-तंतू रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवून केलेला? हा वाद बहुधा जुने विरुद्ध नवे असाच रंगतो. वास्तविक कंपोझिट पंख लाकडाच्या सोबतीनेच वाढलेला आहे.

मॉडेलवाल्यांचे लाकूड म्हणजे बालसा, आणि त्याचा मोठा पुरवठा इक्वेडोरमधून होतो. खानापूरच्या जंगलात शिमग्याच्या सुमारास लाल फुलांनी डवरणारी काटेसावर बालसाच्याच कुळातली. तिचे लाकूडही हलके असल्याने काड्यापेटीच्या कामी येते, तरी बालसा त्याहून पुष्कळ हलका, घनमीटरला साधारण 100 ते 200 किलो. अमेरिकेत गुड बंधूंनी 1937 साली ‘गफ’ हे आठ फुटी रेडिओ-नियंत्रित विमान उडवले, त्या काळी मॉडेलचा पंख म्हणजे रिब (पंखाला आकार देणाऱ्या बरगड्या) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारा कणा) यांचा सांगाडा, त्यावर ताणलेला कागद किंवा रेशीम आणि वरून डोपचा, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या वार्निशाचा हात, असा असे. कागद-रेशमाची जागा पुढे इस्त्रीने आक्रसणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मने घेतली. सांगाडा मात्र फारसा बदलला नाही.

या सांगाड्यातली खरी हुशारी स्पारमध्ये आहे. स्पार वर-खाली बसवलेल्या दोन पट्ट्यांचा असतो. उड्डाणात पंख वर वाकू पाहतो, तेव्हा वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये बालसाचे पातळ तुकडे चिकटवतात, आणि त्यांचे तंतू उभेच ठेवावे लागतात. घाईत ते आडवे बसवले गेले, तर पंख तंतूंच्या रेषेत फाटण्याची भीती असते.

कंपोझिटची वाट माणूस वाहून नेणाऱ्या विमानांतून आली. ब्रिटनच्या ‘मॉस्किटो’ या लाकडी युद्धविमानाने 1940 साली पहिले उड्डाण केले, त्याच्या धडाचे कवच प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बालसा घालून केले होते. जर्मनीत 1957 साली उडालेले ‘फिनिक्स’ हे काच-तंतूचे पहिले ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान. त्याच्याही काच-तंतूच्या थरांमध्ये बालसाच होता. त्याच्या रचनाकारांपैकी रिचर्ड एप्लर यांनी आखलेले एअरफॉइल (पंखाच्या छेदाचे आकार) मॉडेलवाले आजही वापरतात. कार्बन-तंतूचा थर बालसाच्या दसपट घन असतो, म्हणून तो पातळच ठेवून मध्ये हलका गाभा भरणे भाग पडते.

मॉडेलांत हीच पद्धत थर्माकोलच्या रूपाने रुळली. तापलेल्या तारेने पंखाच्या आकाराचा गाभा कापायचा आणि त्यावर बालसाचे पत्रे किंवा काच-तंतूचे कापड एपॉक्सी रेझिनने चढवायचे. येथे पॉलिस्टर रेझिन चालत नाही, कारण ते थर्माकोलच विरघळवते. साच्यातल्या पोकळ कार्बन पंखाची गरज मुख्यतः स्पर्धेच्या ग्लायडरांनी निर्माण केली. ग्लायडर वर चढवण्यासाठी विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) दोर ओढताना पंखावर येणारा ताण साध्या उड्डाणापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि एअरफॉइलचा आकारही काटेकोर लागतो. संथ उडणाऱ्या शिकाऊ विमानाला यातले काहीच लागत नाही, आणि त्याच्यासाठी कार्बनचा हट्ट मला तरी खर्चिक हौस वाटते.

बेळगावात या निवडीला आणखी एक पैलू आहे. हे फाउंड्रीचे गाव असल्याने लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) अचूक घडवणारे हात येथे पूर्वीपासून आहेत, आणि कंपोझिट पंखाच्या साच्यासाठी आधी तसाच गुळगुळीत नमुना घडवावा लागतो. उलट पावसाळ्यातील दमट हवेत लाकूड ओल धरते, पातळ पत्रे पीळ खातात, फिल्म सैल पडून पुन्हा इस्त्री फिरवावी लागते. तरीही पडझडीत रिब मोडली, तर ती कापून नवी बसवता येते. कार्बनच्या कवचाला आतून गेलेला तडा मात्र अनेकदा वरून दिसतही नाही. त्यामुळे एकाच आकाराचे बरेच पंख काढायचे असतील तरच साच्याचा खर्च अंगावर घ्यावा. एकाच विमानासाठी बालसा पुरेसा आहे.