कासवाच्या पाठीवरचा रंग

फेब्रुवारी २०२३मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरून ‘बागेश्री’ नावाची ऑलिव्ह रिडले कासवाची मादी समुद्रात परतली, तेव्हा तिच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग, म्हणजे उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र होतं. गोवा, कर्नाटक, केरळ मागे टाकत, कन्याकुमारीला वळसा घालून ती श्रीलंकेकडे आणि पुढे बंगालच्या उपसागरात गेली. कोकणात अंडी घालणारी कासवं पुढे जातात कुठे, या प्रश्नाला त्या टॅगने नकाशावर रेघ ओढून उत्तर दिलं.

अशी रेघ कधीतरी थांबते. ती का थांबते, याचा शोध २००७ साली समुद्री जीवांचे अभ्यासक ग्रेम हेज आणि सहकाऱ्यांनी घेतला. बॅटरी संपणं, अँटेना मोडणं, टॅग गळून पडणं, प्राणी मरणं ही कारणं होतीच. पण कासव ठणठणीत, बॅटरी शाबूत आणि तरीही टॅग मुका, असंही घडतं. हे मला फार चटका लावून जातं.

टॅगवर धातूचे दोन छोटे ठिपके असतात. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे कासव बुडालेलं असेपर्यंत या ठिपक्यांमधलं सर्किट जोडलेलं राहतं आणि टॅग गप्प बसतो. टॅगच्या रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यातून बाहेर पडतच नाहीत, मग बॅटरी जाळायची कशाला? श्वासासाठी पाठ वर आली की सर्किट तुटतं आणि टॅग लगेच संदेश सोडतो. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला असे काही संदेश मिळाले, तरच जागा नीट कळते. आता त्या ठिपक्यांवर ओलं शेवाळ चढलं किंवा बार्नॅकल (खडकांना, जहाजांना चिकटून राहणारा कवचाचा छोटा समुद्री जीव) बसलं, तर पाठ उन्हात आली तरी टॅगला वाटतं, आपण पाण्यातच आहोत.

बार्नॅकलची अळी जागा मोठ्या निगुतीने निवडते. समुद्रात पडलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. अळी त्यावर आपल्या मिशांनी अक्षरशः चालत फिरते, इथे-तिथे चाचपते. पसंत पडली की स्वतःचं सिमेंटसारखं चिकट द्रव्य ओतून डोक्यावर उभी राहते, ती जन्मभरासाठी. भोवती चुन्याचं कवच बांधते आणि पायांनी पाणी गाळून खाते. शेजारी दुसरी, तिसरी येतात. पोहणाऱ्या कासवावरचं ओझं वाढतं ते वेगळंच.

यावर उपाय जहाजांकडून आला. तांब्याचा अंश हळूहळू पाण्यात सोडणारा रंग लावला की अळ्या सहसा तिथे टिकत नाहीत. पूर्वी ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या विषारी संयुगाचे रंग याहून जहाल होते. पण त्यांच्यामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली आणि २००८पासून जहाजांवर त्यांना आंतरराष्ट्रीय बंदी आली. ज्या जिवांचा अभ्यास करायचा, त्यांच्याच पाण्यात विष सोडायचं नाही, ही मर्यादा टॅग लावणाऱ्यालाही सुटत नाही. म्हणून रंग लागतो तेवढाच लावायचा, आणि तोही टॅगवर व त्याभोवतीच्या इपॉक्सीवर, म्हणजे टॅग चिकटवणाऱ्या घट्ट गोंदावर. कासवाच्या कातडीला तो लागू द्यायचा नाही.

आणखी एक अडचण तांब्याचीच आहे. १७६१मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. शेवाळ आणि किडे थांबले, पण पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात सडून गेले. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठपाणी, झाली बॅटरी! टॅगच्या उघड्या धातूला तांब्याचा रंग भिडला तर तेच होऊ शकतं. शिवाय धातूचे कण असलेला रंग दोन्ही ठिपक्यांवर पसरला, तर शेवाळाचं काम रंगच करून टाकतो.

त्यामुळे किनाऱ्यावरचं काम निवांत हाताने करावं लागतं. अंडी घालून परत निघालेल्या मादीला लाकडी चौकटीत थांबवतात. पाठीवरची माती आणि शेवाळ खरवडायचं, पॉलिश पेपरने घासायचं, इपॉक्सीने टॅग बसवायचा. ते घट्ट होईपर्यंत मादी वल्ह्यांसारखे पाय आपटत राहते, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं की जरा शांत होते. मग ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून बाकी भागावर ब्रश फिरवायचा. रंग सुकला की पट्टी सोलायची, ठिपके कोरड्या कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात पुन्हा एकदा बघायचे, आणि मगच चौकटीची पुढची फळी काढायची.