पिल्लाचे पाय आणि डोक्यावरचं छप्पर

झाबुआकडे भिल्लांच्या अंगणात उकिरडा उकरत फिरणाऱ्या कडकनाथ कोंबड्याला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव चढले, आणि इंदूरच्या आसपासही तो शेडमध्ये वाढू लागला. तिथे काही पिल्लं उभी न राहता बसूनच राहिली, की पाळणारा म्हणतो, ‘जात नाजूक निघाली.’ जातीचा यात फारसा दोष नसतो.

हे दुखणं मुळात छपराबरोबर आलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हिवाळ्यात बंद खोलीत पिल्लं वाढवायला घेतली की त्यांचे पाय वाकत. काचेतून ऊन तर येत होतं! पण ‘ड’ जीवनसत्त्व घडवणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते, हे 1920च्या दशकात उमगलं. खाद्यात कॉड माशाचं तेल घातल्यावर पिल्लं उभी राहिली, आणि बारमाही बंद शेडचा मार्ग मोकळा झाला.

मग प्रत्येक लंगडं पिल्लू मुडदुशीचंच, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या याच दुखण्याचं, वाटू लागलं. घाला हाडांचा चुरा! पण काही कळपांत चुरा वाढला तशी पिल्लं जास्तच लंगडली. हाडं टणक, पण घोट्यामागची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) जागेवरून सरकलेली आणि पाय बाहेर फिरलेला. 1936मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कारण सापडलं: मँगनीजची कमतरता. चुऱ्यातलं जास्तीचं कॅल्शियम आणि फॉस्फरस खाद्यातलं थोडंसं मँगनीजही अंगी लागू देत नव्हतं. मका तर त्या बाबतीत अगदीच दरिद्री धान्य. पुढे कोलीन हे जीवनसत्त्वासारखं पोषकद्रव्य कमी पडलं तरी हेच होतं, हेही कळलं.

नंतरचं प्रकरण आपल्या घरचं. 1970नंतर माळव्यात सोयाबीन पसरलं, 1987मध्ये त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच आलं. डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, हाताशी आल्यावर खाद्यातली महाग मासळी मागे पडली. हाडांना लागणारा फॉस्फरस मासळीत मोकळा असतो. मका-सोयाबीनमधला सुमारे दोन-तृतीयांश फायटेट नावाच्या संयुगात कुलूपबंद, आणि ते कुलूप कोंबडीला फारसं उघडत नाही. म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घालावं लागतं. 1990च्या दशकापासून ते कुलूप उघडणारं विकर, फायटेजही मिळतं.

घरी खाद्य दळणारे पहिली कात्री नेमकी डीसीपी आणि प्रीमिक्सला (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणाला) लावतात. कॅल्शियमसाठीची स्वस्त मार्बल चुरी मात्र सढळ हातानं पडते आणि फॉस्फरसचं गणित आणखी बिघडतं.

चोच दाबून पाहावी. रबरासारखी वाकली तर मुडदूस. चोच टणक, पण घोट्याची कंडरा सरकलेली असेल तर मँगनीज किंवा कोलीन कमी. बोटं आत मुडपली असतील तर बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता. मुडदुशीचं पिल्लू वेळेत सावरू शकतं; सरकलेली कंडरा मात्र खाद्य सुधारून जागेवर येत नाही.