पॉटच्या आइस्क्रीमला मीठ कशाला?

गेल्या मे महिन्यात दापोलीजवळ मामाकडे गेलो होतो, घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. दुपारी पुळण इतकी तापलेली की चप्पल काढायची सोय नाही, मग पोरांना घरात गुंतवायला माळ्यावरचा लाकडी आइस्क्रीम पॉट खाली काढला. हर्णै बंदरावरून अर्धी लादी बर्फ गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून आणला. हा बर्फ मासळीसाठीचा, पोटात अजिबात घालायचा नाही, पण पॉटमध्ये तो डब्याच्या बाहेरच राहतो म्हणून चालतो. डब्यात आटवलेलं दूध, साखर आणि हापूसचा रस.

मी बर्फ फोडतोय तोवर मामी आतून ओरडली, "अरे खडेमीठ टाक पटकन, बर्फ टिकला पाहिजे ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या, इंजिनियरिंगला असलेल्या भाच्यानेसुद्धा. आणि हे बऱ्याच घरांत ऐकलंय मी, मिठाने बर्फ टिकतो म्हणे. सपशेल उलटं आहे! मीठ टाकलं की बर्फ भराभर वितळतो, आणि तो वितळतो म्हणूनच आइस्क्रीम जमतं.

आता साध्या बर्फाने का जमत नाही ते बघा. वितळणारा बर्फ ० अंशाला असतो आणि कितीही वेळ ठेवला तरी त्याच्या खाली जात नाही. आपल्या दुधात साखर असल्यामुळे ते गोठायला सुरुवातच मुळी उणे २-३ अंशाला होते. म्हणजे नुसत्या बर्फात दिवसभर हँडल फिरवलंत तरी हाती काय, तर गार मँगो मिल्कशेक.

इथून पुढचा भाग माझा लाडका आहे, जरा सहन करा. ० अंशाला बर्फ आणि पाणी शेजारी शेजारी असतात तेव्हा सगळं शांत दिसतं, पण तसं नसतं. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि पाण्यातले रेणू सतत येऊन चिकटत असतात. स्टँडवर उभ्या एसटीसारखं, जितके उतरतायत तितकेच चढतायत, म्हणून गाडी भरतही नाही आणि रिकामीही होत नाही. आता खाली थांबलेल्या गर्दीत मिठाचे कण घुसवा. बर्फाची जाळी मिठाला आत घेत नाही, त्यामुळे दाराशी धडकणाऱ्यांत पाण्याचे रेणू कमी झाले, म्हणजे चढणारे घटले. उतरणारे मात्र पहिल्याच वेगाने उतरतायत. बर्फ वितळायला लागला.

पण उतरणं फुकट होत नाही! जाळीतून सुटायला ऊर्जा लागते, एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी. शेगडी तर कुठे लावलेली नाही, मग ही उष्णता कुठून आणणार? त्याच खाऱ्या पाण्यातून, उरलेल्या बर्फातून आणि पत्र्याच्या डब्यातून आपल्या आमरसाकडून. म्हणून सगळं मिश्रण ० च्या खाली घसरत जातं. जितकं थंड होईल तितके सुटणारे रेणूही मंदावतात आणि मग कुठेतरी खालच्या तापमानाला पुन्हा बरोबरी होते. साध्या मिठाने ही घसरण जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत जाते, त्याखाली खारं पाणीच गोठतं. त्यासाठी मीठ वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास लागतं, म्हणजे सव्वातीन किलो बर्फाला एक किलो. आम्ही हात राखून टाकलं, तरी थर्मामीटर उणे ११ दाखवत होता, बाहेर ३३ अंश असताना.

मीठ विरघळतानाही थोडी उष्णता खेचतं हे खरं, पण ग्रॅममागे साधारण १६ कॅलरी. मुख्य काम वितळण्याचंच.

भाचा म्हणाला, मग साखर टाकली तर? चालेल की, पण इथे महत्त्व कणांच्या संख्येला. साखरेचा रेणू बोजड आणि विरघळला तरी एकाचा एकच राहतो, मीठ हलकं आणि त्याचे सोडियम-क्लोराइड असे दोन तुकडे होतात, त्यामुळे किलोला किलो धरलं तर मिठातून जवळजवळ १२ पट कण मिळतात. (इथे मामी उठून चहा टाकायला गेली.) हाच हिशोब समुद्राला लावा. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, म्हणून समुद्र ० ला न गोठता उणे १.८ च्या आसपास गोठतो. गुलाबी हिमालयीन मीठ टाकून आइस्क्रीम 'हेल्दी' होतं असं सांगणारे व्हिडिओ फिरतात त्यांनी मीठ डब्याच्या बाहेर असतं एवढं तरी बघावं.

खडेमीठ का, तर स्वस्त, आणि बारीक मिठासारखं एकदम विरघळून तळाशी जात नाही. त्याच्या खड्यात पाण्याचे बारीक कप्पे अडकलेले असतात. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर जो तडतड आवाज येतो ना, त्यात मिठाचा वाटा या पाण्याची वाफ होऊन खडा फुटण्याचा, कुणाच्या वाईट नजरेचा नाही. मिठागरातलं मीठ आणून कुणावरूनही न ओवाळता टाकून बघा, तसंच तडतडतं.

तर पोरं आळीपाळीने हँडल फिरवत होती. फिरवल्याने कडेला जमलेला थर खरवडला जातो आणि मोठे स्फटिक होत नाहीत, नाहीतर दाताखाली बर्फ कचकचतो. पिंपाच्या बाजूला एक भोक असतं, वितळलेलं खारं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून. ते गोणपाटाच्या धाग्यांनी बुजलंय हे कुणी पाहिलंच नाही, पाणी चढत चढत झाकणावर गेलं आणि वरचं बोटभर आइस्क्रीम खारट. ते काढून टाकलं, खालचं मात्र झकास निघालं. पिंपातलं पाणी मामा अळूत ओतायला निघाला होता, मामीने हात धरून माडाकडे वळवलं. माडाला मीठ चालतं.