व्हिस्कीचं वय वेगळं, बाटलीचं वय वेगळं

जुन्या बर्बनच्या (मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) बाटलीवर ‘८ वर्षं’ असं छापलेलं असलं, तर तो आकडा पिंपातल्या मुक्कामाचा असतो. अर्क पिंपात भरला तिथून तो बाटलीत उतरेपर्यंतचा काळ, तोही मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा. बाटलीचं वय मात्र बूच बसलं त्या दिवसापासून मोजायचं. लोणचं बरणीत मुरत राहतं, तसं व्हिस्कीचं काचेत होत नाही. रंग आणि चव येते ती ओकच्या लाकडातून. म्हणून १९६५ साली भरलेली ८ वर्षांची व्हिस्की आजही ८ वर्षांचीच.

दोन्ही वयं एकाच जागी मिळतात ती ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ (सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरवलेल्या) व्हिस्कीच्या बाटल्यांवर. अमेरिकेच्या १८९७च्या कायद्यानुसार अशी व्हिस्की किमान ४ वर्षं मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची असावी लागते. बुचावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या हिरव्या कर-पट्टीवर गाळल्याचा आणि भरल्याचा हंगाम वर्षासह छापलेला असे. ‘स्प्रिंग’ म्हणजे जानेवारी ते जून, ‘फॉल’ म्हणजे जुलै ते डिसेंबर. गाळली फॉल १९५१, भरली स्प्रिंग १९५६ असं असेल तर सरळ वजाबाकी करून ‘५ वर्षं’ म्हणू नका. खरं वय ४ ते ५ वर्षांच्या मधलं. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) औषध म्हणून विकलेल्या पाइंट (सुमारे अर्धा लिटर) बाटल्यांवर याच दोन तारखांमध्ये दहा-पंधरा वर्षांचं अंतर सापडतं, कारण साठा गोदामात पडून राहिला होता. एरवीच्या व्हिस्कीवर लाल पट्टी असे, तिच्यावर या तारखा नसतात. पट्टीची सक्ती १९८५मध्ये संपली, पण तशाच दिसणाऱ्या पट्ट्या काहींनी पुढेही लावल्या. त्यामुळे नुसत्या पट्टीवर विसंबू नये.

हिरवी पट्टी नसेल तर भरल्याचा काळ खुणांवरून कोंडीत पकडावा लागतो. पुनर्विक्री व पुनर्वापरास मनाई करणारं वाक्य काचेत उठवणं १९३५ ते १९६४ सक्तीचं होतं. जुने साचे वापरात राहिल्याने ते पुढच्या काही बाटल्यांवरही दिसतं. ‘४/५ क्वार्ट’ (७५७ मिली) हे माप १९८०च्या आधीचं, कारण तेव्हापासून ७५० मिली सक्तीचं झालं. पत्त्यात पाच अंकी झिप कोड (अमेरिकी पिन कोड) असेल तर लेबल १९६३ किंवा नंतरचं. सरकारी आरोग्य-इशारा असेल तर बहुधा नोव्हेंबर १९८९नंतरची बाटली. लेबलावर ठळक छापलेलं कंपनीच्या स्थापनेचं साल वयासाठी पूर्ण निरुपयोगी आहे, आणि सर्वाधिक फसगत त्यानेच होते.

तळ तिरक्या उजेडात पाहा. काचेच्या कारखान्याच्या खुणेजवळ बहुतेकदा वर्षाचा दोन अंकी आकडा असतो. ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीच्या खुणेत डावीकडे कारखान्याचा क्रमांक, उजवीकडे वर्ष. इतर आकडे साच्याचे असू शकतात, म्हणून ‘६८’ दिसलं की लगेच १९६८ ठरवू नका. माप आणि पट्टी त्या वर्षाशी जुळते का बघा. शिवाय हे वर्ष काच ओतल्याचं. रिकामी बाटली वर्ष-दोन वर्षं पडून मग भरली गेली, तर त्यात वावगं काही नाही. पण पट्टीवरच्या भरल्याच्या वर्षापेक्षा काच नंतरची निघाली, तर पट्टी दुसऱ्या बाटलीवरून आणून चिकटवलेली आहे.