जीपीएस यंत्राला रेंज लागत नाही

"तिथे रेंज नाही, मग जीपीएस काय चालणार?" मोबाइल आल्यापासून हा समज घट्ट बसलाय, आणि तो चूक आहे. हातात धरायचं जीपीएस यंत्र फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत घेऊन ते आपली जागा स्वतःच काढतं. चार उपग्रह मिळाले की काम भागतं, सिमकार्ड लागत नाही. गैरसमजाचं मूळ फोनमध्ये आहे: तो उपग्रहांची माहिती नेटवरून आयती घेतो, म्हणून जागा झटकन दाखवतो. तीच माहिती उपग्रहाकडून सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने येते. म्हणून यंत्र सुरू केल्यावर मोकळ्या आकाशाखाली थोडं थांबावं लागतं, इतकंच.

चाललेली वाट यंत्राच्या मेमरीत साठते. केबल जोडून तिची जीपीएक्स फाइल (वाटेवरचे बिंदू नोंदलेली फाइल) कॉम्प्युटरवर उतरवायची. मात्र एक सांभाळा. काही जुन्या यंत्रांत ट्रॅक, म्हणजे ही साठलेली वाट, 'सेव्ह' केला की बिंदू कमी होतात आणि प्रत्येक बिंदूची वेळ गळून जाते. फोटो जागेशी जुळवायला तीच वेळ लागते, तेव्हा 'सेव्ह' न केलेली चालू नोंद आधी उतरवून घ्या, मगच पुसा. नेट लागतं ते शेवटी, ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, फाइल चढवताना.